पिकअपला जाळी, बाकडी, गार्ड, एलईडी: रस्त्यावर कायद्यानं काय चालते?

गाडीवान_केळापूर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी पांढरकवड्याजवळच्या गावातला कास्तकार. घरचा कापूस हाय, शेजारच्या चार घरचाही जिनिंगपर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापर्यंत, मीच नेऊन देतो. आतापर्यंत भाड्याची गाडी करत होतो, आता २०१७ ची एक पिकअप पाहून ठेवली हाय. सौदा पक्का व्हायचा हाय.

गाडी हाती आली की चार-पाच कामं करून घ्याची हायेत. हौद्याला वरून लोखंडी जाळी, म्हणजे कापूस उंच भरता येते. समोर जाड पाइपाचा गार्ड, कारण आमच्या रस्त्यानं रात्री रोही (नीलगाय) अन् रानडुकरं आडवे येतात, तिपेश्वरचं जंगल लागूनच हाय. छतावर एलईडी पट्टी. अन् हौद्यात दोन्ही बाजूनं बाकडी, येचणीच्या बाया सकाळी वावरात नेता आल्या पाह्यजे.

वेल्डिंगवाला म्हणते, "सामान दुकानात खुलेआम मिळते, तं बंदी कशाची?" माझा भाऊ म्हणते, आरटीओत गाडी अडकन. पुतण्यानं बुलेटले फटाके फोडणारा सायलेन्सर लावला हाय, त्याच्यावरूनही घरात रोज वाद हाय. कोनाले कायदा नीट माहीत असन तं सांगा. पैसे टाकायच्या आधी इचारून रायलो.

वकील_वर्धा

दादा, आधी इचारलंत हे फार चांगलं केलंत. मी मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक सगळं घडून गेल्यावर येतात.

मूळ कलम एकच आहे, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. कंपनीनं गाडी ज्या तपशिलासह बनवली आणि जो आरसीवर नोंदला गेला, त्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये, केरळातून आलेल्या एका प्रकरणात, हे अगदी स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ नव्यानं लिहिलं गेलं. मालकानं परवानगी नसलेला सुटा भाग बसवून गाडीत बदल केला, तर एकेका बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "एकेका बदलासाठी" हे नीट वाचा. तुम्ही चार कामं सांगितलीत.

दुकानात मिळतं म्हणून चालतं, हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. सामान वावरात, शर्यतीच्या बंद मैदानात, कुठंही वापरता येतं. प्रश्न सार्वजनिक रस्त्यावर ते गाडीला लावून चालवण्याचा आहे.

सगळंच बंद आहे असंही नाही. सीट कव्हर, म्युझिक सिस्टम, पायपुसणी, कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेल्या मापाचे टायर, यांना कोणी हात लावत नाही. रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंदवता येतो. सीएनजीचंही तसंच. म्हणजे तीन कप्पे धरा: नोंद न लागणारे बदल, आधी परवानगी आणि मग नोंद लागणारे बदल, आणि जे होऊच शकत नाहीत ते.

बुलेटवाला_अकोट

ताई, सायलेन्सरचं सांगा ना. आवाज वाढला म्हणून गाडीची लांबी-रुंदी तं बदलत नाही. आरसीवर सायलेन्सर कुठं लिहिलेला असते?

वकील_वर्धा

आरसीवर नसतो, पण गाडी विक्रीला येण्याआधी तिची जी चाचणी होते, त्यात आवाजही मोजतात. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला ८० डेसिबलची मर्यादा आहे. आतली जाळी काढलेला सायलेन्सर त्यात बसत नाही. त्याला कलम १९०(२) लागतं: १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र होऊ शकतं. पोट्टे दंडाचं ऐकतात, लायसन्सचं ऐकत नाहीत. नोकरीसाठी गाडी चालवणाऱ्यांनी तर ते आधी ऐकावं.

गुरुजी_दर्यापूर

आमच्या शाळेला लागून रस्ता आहे. पहिलीच्या वर्गात मुलं वाचत असताना तो फटाका फुटला की सगळा वर्ग दचकतो. एक मुलगा तर रडायला लागतो, त्याला पुन्हा बसतं करायला वेळ लागतो. हे मी रोज पाहतो म्हणून लिहितो. बुलेटवाल्या भावाला विनंती आहे, कंपनीचा जुना सायलेन्सर घरी पडला असेल तर तो परत बसवा.

बुलेटवाला_अकोट

गुरुजी, घरीच हाय. बसवतो.

स्पॅनर_वणी

मी गॅरेजवाला, वणीत. माझ्याकडं हेच काम घेऊन लोक येतात, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो.

एलईडीचं पहिले. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब टाकला की उजेड वाढल्यासारखा वाटते. पण त्या हेडलाइटची वाटी हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेली असते. एलईडीचा उजेड वेगळ्या जागेवरून निघते, त्याच्यानं झोत फाकते, अन् समोरच्याच्या डोळ्यात जाते. चव्वेचाळीस नंबरच्या हायवेवर मधात दुभाजक तरी हाय. आपल्या गावच्या एकपदरी डांबरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या सायकलवाल्याले काहीच दिसत नाही. छतावरच्या पट्टीचं तं बोलूच नका, थे बसस्टँडवरचे लोकही आंधळे करते. म्या लावणं बंद केलं हाय. त्याऐवजी हेडलाइटची पिवळी पडलेली काच घासून घ्या, वायरिंगची अर्थिंग तपासा, बल्ब कंपनीच्या वॅटचा टाका. जुन्या गाडीत निम्मा उजेड अर्थिंग खराब असल्यानंच गेलेला असते.

हॉर्नचंही सांगून टाकतो. सूर बदलणारा, गाण्यासारखा वाजणारा हॉर्न चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११९ हाय.

धानपट्टा_साकोली

आमच्याकडं भंडारा-गोंदियात पिकअपपेक्षा ट्रॅक्टरचा विषय मोठा आहे. रोवणीच्या दिवसांत लोक बांधीतून (धानाच्या वावरातून) निघतात ते चिखलणीच्या लोखंडी जाळीदार चाकांसह, म्हणजे केजव्हीलसहच, डांबरी रस्त्यावर येतात. रस्ता उखडतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागत नाही. केजव्हील ट्रॉलीत टाकून न्या, बांधीवर नेऊन लावा. अर्धा तास जातो, पण रस्त्यासाठी आपणच ग्रामपंचायतीत भांडतो.

दुसरं, नांगराचा दिवा. ट्रॅक्टरला मागं पांढरा दिवा कंपनीच देते, तो रात्री वावरात काम करायला. रस्त्यावर लागल्यावर तो बंदच पाहिजे. मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येते आहे.

आणि ट्रॉली. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी लागते, हे आमच्याकडं अर्ध्या लोकांना माहीत नाही. गावातल्याच लोहाराकडून बनवलेली, ना नंबर, ना मागचा दिवा, ना रिफ्लेक्टर. मागं लाल, बाजूनं पिवळी, पुढं पांढरी चमकपट्टी लावायची असते. बदल करायची हौस असेल तर पहिला पैसा या पट्टीवर घाला. अंधारात उभी राहिलेली ट्रॉली मागच्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

तिपेश्वर_शेजारी

गार्डवर कोणीच बोललं नाही. मी धागाकर्त्याच्याच भागातला. शहरातल्या लोकांना गार्ड म्हणजे रुबाब वाटतो. आमच्याकडं रोही दोन-अडीचशे किलोचा असते, अचानक रस्त्यावर येते. रेडिएटर फुटला तं रात्री बारा वाजता जंगलात माणूस उभा. तिथं कोण येणार? नियम करणाऱ्याईनं एक रात्र इथं काढावी.

वकील_वर्धा

तुमची अडचण खरी आहे. पण केंद्रीय मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे की असे गार्ड लावणं कलम ५२ च्या विरुद्ध आहे, कारवाई करा.

स्पॅनर_वणी

कारण सांगतो. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपण्यासाठी बनवलेला असते. तो चेपला की धक्का त्यात जिरते. जाड पाइप थेट चेसिसले बांधला की तो धक्का सरळ आत बसलेल्या माणसापर्यंत येते. एअरबॅग असलेल्या गाडीत तिचं सेन्सर धक्क्याचा अंदाज चुकवते, एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा उघडतच नाही. अन् माणसाले धडक बसली तं पाइप त्याच्या मांडीवर, लहान पोराच्या डोक्यावर बसते.

रोह्याचं म्हणाल तं रेडिएटरपुढं आतून, बंपरच्या मागं, बारीक जाळी बसवता येते. दगड-काडी अडते. रोही कशानंच अडत नाही, तिथं वेगच कमी पाह्यजे.

तिपेश्वर_शेजारी

वेग कमी ठेवूनही येते राजेहो, तो बांधावरून उडी मारते. आतल्या जाळीचं पटलं, पाहून घेतो. पण जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर कुंपण अन् फलक लावा, ही मागणी मी सोडणार नाही. सगळा भार गाडीवाल्यावरच कसा?

उन्हाळा_ब्रह्मपुरी

मधातच एक विचारतो. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. आई डायलिसिसला चंद्रपूरला जाते, आठवड्यातून ठरलेल्या फेऱ्या. मागच्या काचेला फिल्म लावली तर चालेल का? काळ्या फिल्मवर बंदी आहे एवढंच ऐकलं होतं.

वकील_वर्धा

बंदी सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्ये घातली, तेव्हा कंपनीच्या काचेवर वरून काहीही चिकटवायचं नाही असा अर्थ होता. नंतर नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली, ती एप्रिल २०२१ पासून लागू आहे. आता ठरलेल्या भारतीय मानकात बसणारी फिल्म लावता येते, पण पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये हेच सांगितलं. ही टक्केवारी काच आणि फिल्म मिळून मोजतात, हे दुकानदार सांगत नाही. उष्णता अडवणारी जवळजवळ पारदर्शक फिल्म मिळते, ती घ्या, पावती आणि मानकाचा कागद गाडीत ठेवा. वाटेत अडवलं तर शांतपणे दाखवा. आईंना लवकर आराम पडो.

व्हॅनवाले_वरुड

सीएनजी किटचं कोणी सांगेल का? आमच्याकडं पंप आला आहे, व्हॅनला लावायचा विचार आहे.

स्पॅनर_वणी

किट मान्यताप्राप्त पाह्यजे. म्हणजे तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी तपासणी संस्थेनं मंजूर केलेलं, अन् बसवणाराही अधिकृत. बसवून झालं की आरटीओत जाऊन आरसीवर इंधन बदलाची नोंद करा लागते, विमा कंपनीलेही कळवा लागते, थे थोडा प्रीमियम वाढवते. टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी असते, प्लेटवर तारीख ठोकलेली असते, थे पाहात जा.

एक हात जोडून सांगतो. घरचा लाल सिलिंडर व्हॅनमध्ये टाकून चालवू नका. अजूनही लोक करतात, अन् काही तं शाळेच्या पोरांच्या व्हॅनमध्ये. गाडीच्या एलपीजी टाकीत ८० टक्क्यांवर भरणं थांबवणारा व्हॉल्व्ह असते, नळी तुटली तं गॅस रोखणारा व्हॉल्व्ह असते. घरच्या सिलिंडरले गाडीच्या कामाचं यातलं काहीच नसते. सीटखाली ठेवलेला, रबरी नळी लावलेला, वरून पोरं बसलेले. असं कोनी माझ्याकडं आणलं तं मी गाडी आत घेत नाही, अन् शाळेत फोन करतो.

घाटंजी_आरोग्यसेविका

मी सगळा धागा वाचला. गार्ड, दिवे, फिल्म, सगळ्यावर बोलणं झालं. पहिल्या पोस्टमध्ये दादांनी बाकडी लिहिली आहेत, त्यावर कोणीच काही बोललं नाही. मला त्यावरच बोलायचं आहे.

येचणीच्या दिवसांत पहाटे आमच्या चौकात पिकअप येतात. हौद्यात बाया उभ्या, बाकड्यावर बसलेल्या, फाळक्यावर टेकलेल्या. कोणाच्या कडेवर लेकरू. जेवणाचे डबे, पाण्याच्या कॅन पायात. परत येताना कापसाच्या गाठोड्यांवर बसून येतात. दर हंगामात आमच्या उपकेंद्रात मनगट सुजलेली, डोकं फुटलेली बाई येते. विचारलं तर सांगतात, "ब्रेक मारला जी, पडली." तक्रार कोणी करत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं जायचं असते.

दादा, तुम्ही वाईट मनानं करत नाही हे मला कळतं. पायी चार-पाच किलोमीटर जाण्यापेक्षा गाडी बरी, असंच तुम्हाला वाटत असणार. बायांनाही तसंच वाटतं. पण त्यांना कोणी सांगत नाही की या गाडीत बसल्यावर विम्याच्या कागदावर त्या कुठंच नाहीत. ते खरं आहे ना वकीलताई?

वकील_वर्धा

खरं आहे. आणि हे मीच पहिल्या उत्तरात लिहायला हवं होतं, इतकं महत्त्वाचं आहे, म्हणून आता सविस्तर लिहिते.

पिकअप म्हणजे मालवाहू गाडी. आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते, ती केबिनमधल्या सीटची. हौद्यात बाकडी वेल्ड केली म्हणजे मालगाडीची प्रवासी गाडी केली, आणि तशी नोंद होत नाही. हा तिसऱ्या कप्प्यातला बदल आहे.

आता विमा. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला तुमच्या गाडीची धडक बसली तर थर्ड पार्टी विमा असतो. गाडीत बेकायदा बदल आहे असं दाखवून विमा कंपनी हात झटकायचा प्रयत्न करते. अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे पीडिताला पैसे मिळतात आणि मालकाच्या वावरावर टाच येऊ शकते. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर कंपनी सरळ नाकारू पाहते.

पण हौद्यात बसलेल्या बायांचं याहून वाईट आहे. मालगाडीत मालाचा मालक किंवा त्यानं मालासोबत पाठवलेला माणूस बसू शकतो, त्याला १९९४ च्या दुरुस्तीनं संरक्षण मिळालं. बाकी प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात २००२ मध्ये ठरवलं. येचणीला निघालेली बाई मालाची मालक नाही. तिचा हात गेला, जीव गेला, तर निकाल मालकाविरुद्ध लागतो. मालकाकडं द्यायला काही नसेल तर तो निकाल कागदावरच राहतो. अशा घरातल्या लोकांसोबत मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसले आहे. त्यांना हे समजावून सांगणं मला आजही जमत नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वऱ्हाड नेतात, मजूर नेतात, तिथंही हाच प्रश्न उभा राहतो.

स्पॅनर_वणी

बाकड्याचं मेकॅनिकच्या बाजूनं. हौद्याचा तळ पातळ पत्र्याचा असते, त्यावर चार टाके मारून बाकडं उभं करतात. कंपनीची सीट जाड आधारपट्टीले बोल्टनं बांधलेली असते, बेल्ट असते, तिची ओढून चाचणी झालेली असते. ब्रेक लागला की वेल्डिंगचे टाके पत्र्यासहित उपटतात, मंग बाकडं अन् माणसं एकदमच समोर जातात. वर उंच जाळी असन तं बाया त्यालेच धरून उभ्या राहतात, म्हणजे वजन आणखी वर जाते अन् वळणावर गाडी कलते.

जाळीचंही सांगतो. लोखंड वेल्ड केलं की गाडीचं रिकामं वजन वाढते, तेवढा माल कमी भरा लागते, अन् आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या वेळी अडवतात. आठ वर्षांच्या वरची मालगाडी दरवर्षी फिटनेसले जाते, तुम्ही पाहून ठेवलेली २०१७ ची त्यातच आली.

राळेगाव_जिनिंग

मी जिनिंगच्या गेटवर काम करतो. कापूस हलका, म्हणून लोकांना वाटते कितीही उंच भरा. वजनकाट्यावर पास होते, पण बाजूनं दोन-दोन फूट बाहेर आलेला असते. बाजूनं माल बाहेर काढला तर २०१९ पासून २०,००० रुपये दंड आहे, वजन कमी असलं तरी. शिवाय गावातल्या लोंबकळणाऱ्या विजेच्या तारेला वरचा कापूस लागला की ठिणगी पुरते. हौद्याच्या मापात भरा, वरून ताडपत्री अन् दोर. एक फेरी जास्त होईल. हंगामात गेटवर रांग असते हे मलाही माहीत आहे, पण सकाळी लवकर आलात तर दोन फेऱ्या होतात.

गाडीवान_केळापूर

सगळ्याईचं वाचलं. ताई, तुमचं दोनदा वाचलं, घरच्या बाईलेही वाचून दाखवलं. थे स्वतः येचणीले जाते. थे म्हणाली, बाकडी नाही लावायची.

गार्ड अन् एलईडीही सोडून देतो. जाळीचं आरटीओत यवतमाळले जाऊन इचारतो, लेखी काय म्हणतात थे पाहतो. पुतण्याले गुरुजींची पोस्ट दाखवली.

पण बायाईले न्याचं कसं, हा प्रश्न उरतेच. एसटी त्या वेळेले नाही. काळीपिवळीवाला हाय गावात, पण तो माणशी पैसे मागते. आजपर्यंत गाडीचा खर्च कास्तकार करत आला, आता मजुरीतून कापले तं कोनी येणार नाही.

घाटंजी_आरोग्यसेविका

दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा.

आमच्या शेजारच्या गावात पाच-सहा कास्तकारांनी मिळून काळीपिवळी महिन्यावर ठरवली. ज्याच्या वावरात ज्या दिवशी येचणी, त्या दिवशीचं भाडं त्याचं. मजुरीतून काहीच कापलं नाही. गाडीवाल्यालाही रोजची खात्रीची फेरी मिळाली, म्हणून त्यानं दर कमी केला. एकच अट घातली, सीट आहेत तेवढ्याच बाया. जास्त असतील तर दुसरी फेरी. पहिली फेरी थोडी लवकर निघते एवढंच.

वकील_वर्धा

ही गाडी प्रवासी म्हणून नोंदलेली असते, परवाना आणि विमा चालू असेल तर आसनक्षमतेपर्यंतच्या बाया विम्यात येतात. ठरवायच्या आधी त्याच्या गाडीचा परवाना, विमा आणि फिटनेस, तिन्हींची मुदत पाहून घ्या. नंबर टाकला की परिवहनच्या ॲपवर दिसतं.

आणि दादा, पिकअपचा सौदा करण्याआधी तिचंही तसंच तपासा. आधीच्या मालकानं काही वेल्ड करून ठेवलं असेल, तर गाडी तुमच्या नावावर झाल्यावर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. ते त्याच्याकडून काढून घेऊन मगच पैसे द्या. आरसीचा फोटो इथं टाकलात तरी चालेल, नाव, नंबर आणि चेसिस क्रमांक झाकून. बॉडीचा प्रकार, रिकामं वजन आणि आसनक्षमता, हे तीन रकाने मला दिसले की पुरे.

गाडीवान_केळापूर

उद्या गाडी पाह्यले जाऊन रायलो, तिथूनच टाकतो.